बर्फावरची झुडपांची वाट

खारवलेला हेरिंग मासा रात्रभर पाण्यात ठेवला तरी मीठ सोडत नाही. त्याला बटाट्यानेच वठणीवर आणावं लागतं.

*

घोडीच्या गळ्यात दोराचा फास असतो. बर्फ फुटून ती पाण्यात गेली तर फास आवळायचा. श्वास कोंडला की हवा आत राहते, घोडी तरंगते, मग तिला बाहेर ओढता येतं. शहरातल्या पाहुण्यांना हे क्रूर वाटतं. आमच्या घोड्या म्हाताऱ्या होऊन मरतात.

*

विधानसभेत जायला काळी विजार लागते. माझ्या भावाकडे ती एकच होती. कापड हॅलिफॅक्सचं, शिलाई माझी.

*

नील गिलिसचे हात मंद झाले आहेत, असं शेवंडीच्या कारखान्याच्या मालकाने वसंतात ठरवलं. आदल्या उन्हाळ्यात त्याच हातांबद्दल त्याची काही तक्रार नव्हती.

*

बर्फ कडकडत असेल तर जा. गप्प असेल तर थांब.

*

भाऊ विरोधी पक्षाचा, नवरा सरकारपक्षाचा. रविवारचं जेवण एकाच टेबलावर.

*

हे सगळं येऊन मिळतं ते एका मंगळवारी. आता ओळीने सांगते.

मी एफी. मर्डोक लॅमॉन्टची धाकटी बहीण आणि यूअन बीटनची बायको. आमचा गिलिस पॉइंट म्हणजे खाडीत घुसलेलं लाल मातीचं एक नाक. समोरच्या काठावर शार्लटाऊन, आमच्या प्रिन्स एडवर्ड बेटाची राजधानी. कॅनडातल्या बाकीच्या प्रांतांच्या मानाने आमचा प्रांत म्हणजे परसातला वाफा, पण विधानसभा पुरी आहे. सभापती आहे, दगडी इमारत आहे, आणि त्या वर्षी त्या इमारतीत पॉइंटचा आमदार म्हणून माझा दादा बसत होता.

कसा निवडून आला ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातून आलं.

तेव्हा आमच्याकडे मत तोंडाने द्यायचं. शाळेत टेबल मांडलेलं असायचं. मागे कारकून, बाजूला दोन्ही उमेदवार, आणि भोवती भिंतीला टेकून अख्खा गाव. मतदाराने पुढे यायचं, आपलं नाव, बापाचं नाव, जमीन कुठे ते सांगायचं आणि मग उमेदवाराचं नाव मोठ्याने घ्यायचं. उमेदवार टोपी काढून आभार मानायचा. दुसरा खिडकीबाहेर बघायचा. बायकांना मत नव्हतं, पण दार उघडं असायचं आणि आम्हाला कान होते.

त्या डिसेंबरात टेबलाच्या अगदी जवळ आणखी एक खुर्ची होती. तीत मिस्टर कॅन्टेलो बसले होते. शेवंडीचे डबे भरायचा कारखाना त्यांचा. ते कुणाला काही म्हणाले नाहीत. नुसते बसले आणि येणाऱ्या प्रत्येकाला नावाने नमस्कार केला.

त्या दिवशी पॉइंटवर कितीतरी गडी घसा बसला म्हणून घरीच राहिले. जे आले त्यांतल्या बऱ्याच जणांनी बुटांकडे बघत सरकारच्या माणसाचं नाव घेतलं. माझ्या नवऱ्यानेही तेच नाव घेतलं, पण छाती काढून आणि मर्डोकच्या डोळ्यांत बघून, कारण बीटन घराणं तीन पिढ्या सरकारवाल्यांचं आणि यूअन कुणाच्या खुर्चीला भीत नाही. मर्डोक म्हणाला, "आभार नाहीत, यूअन." यूअन म्हणाला, "मागितलेत कुणी?"

आणि मग म्हातारा नील गिलिस आला. आयुष्यभर कारखान्यात शेवंडी उकडणारा. त्याने कॅन्टेलोंचा नमस्कार घेतला, परत केला, आणि म्हणाला, "मर्डोक लॅमॉन्ट."

त्याच्यामागून तिघांचे घसे सुटले. दादा थोडक्यात आला. नील पुढच्या वसंतात कामावरून गेला.

दादाने नीलच्या दारात उभं राहून शब्द दिला होता : चिठ्ठीचं मतदान आणीन. घडी घालून पेटीत टाकायची चिठ्ठी, कुणी कुणाचं नाव लिहिलं ते देवालाच ठाऊक. सगळं पणाला लागलं होतं ते या एका शब्दापायी.

*

मध्येच एक खुलासा, झुडपांबद्दल.

हिवाळ्यात खाडी गोठली की तीच आमची सडक. पण बर्फ सगळीकडून सारखाच दिसतो आणि वारा सुटला की आभाळही बर्फासारखंच होतं. म्हणून स्प्रूसची लहान सूचिपर्णी झाडं तोडून, बर्फात भोकं पाडून, ती ओळीने रोवायची. एका झुडपापाशी उभं राहिल्यावर पुढचं दिसलं पाहिजे, वाहत्या बर्फातसुद्धा. पाणी ओतलं की ती जागच्या जागी गोठतात. झुडपांच्या बाहेर गेलात तर तुमचं नशीब. घोडीसुद्धा बाहेर जायला नकार देते.

हे काम सरकार देतं, म्हणजे सरकारच्या माणसाला देतं. सरकार बदललं की झुडपं लावणारा बदलतो. त्या वर्षी तो यूअन होता.

*

निवडणुकीनंतरचा दुसरा मार्च. सोमवार, दुपार.

दादा शनिवारी घरी आला आणि रविवारी वादळ आलं. रेल्वेच्या फाट्यावरची गाडी रुळांसाठी खोदलेल्या एका खिंडीत बर्फाखाली गाडली गेली. जमिनीवरच्या सडकेवर बर्फ कुंपणांच्या वर चढला. खाडीतली निम्मी झुडपं उडाली आणि उरलेली कुठे होती ते कुणास ठाऊक. आणि मंगळवारी दुपारी दादाच्या विधेयकावर मतदान होतं. सरकारचा एक आमदार फुटणार होता. मर्डोक पोचला तर बरोबरीची तरी आशा होती. नाही पोचला तर संपलंच.

मिस्टर कॅन्टेलो आमच्याकडे आले तेव्हा मी चुलीवर चहा ठेवला होता. ते बसले नाहीत.

"बीटन, खाडीचं काय?"

"झुडपं गेलीत, साहेब."

"मार्चातला बर्फ. मधल्या धारेवर तर पातळच असेल."

"असेल. बघितल्याशिवाय सांगता यायचं नाही."

"घाई कशाला? गुरुवारी लाव. कायदाच म्हणतो, बर्फ पक्का झाल्याशिवाय वाट आखू नये. तुला कुणी नाव ठेवणार नाही." मग हातमोजे चढवत म्हणाले, "पुढच्या वर्षी हे काम तुलाच मिळावं असं मला वाटतं, बीटन."

"मलाही वाटतं, साहेब," यूअन म्हणाला.

ते गेल्यावर यूअनने चहा प्यायला, काकवी घातलेला, सावकाश. ओटची भाकरी खाल्ली. नवऱ्याने भावाची वाट अडवली असती तर मी त्याच घरात, त्याच चुलीपाशी, त्याच माणसाला रोज जेवू घालणार होते, आणि ते कसं करायचं याचा मी विचार करत होते.

त्याने कुऱ्हाड उचलली.

"कुठे?"

"झाडं तोडायला. वारा पडतोय."

"पण तुला ते विधेयक..."

"दळभद्री विधेयक आहे. ज्या माणसाचं मत त्याच्या घशाला माहीत नाही, त्याचं मत कसलं?" दार उघडता उघडता तो थांबला. "मला तुझ्या भावाला पाडायचंय, एफी. पण निवडणुकीत. बर्फात नाही."

*

मंगळवार, उजाडताना.

मर्डोक चालतच आला, काखेत गाठोडं. त्यात ती काळी विजार आणि आमच्या वडिलांचा कोट. एकटाच खाडी ओलांडायला निघाला होता. अंगणात आमची घसरगाडी झाडांनी भरलेली पाहून तो थबकला.

"मी तुझ्याकडे मागायला आलो नाही, यूअन."

"मग मागू नकोस. खालची झाडं निसटतायत, ती बांध."

तिघं निघालो. पुढे यूअन, कुऱ्हाडीने बर्फ ठोकत. एका घावात पाणी आलं तर ती जागा सोडायची. मध्ये मी, बेस घोडीचा लगाम आणि गळ्यातल्या फासाचा दोर धरून. मागे आमदार, भोकात झाड उभं करून पाणी ओतत. सकाळचा बर्फ बोलत होता. लांबवर, लाकूड फाटल्यासारखा. यूअनने मान हलवली.

बोलणं असं झालं. वाऱ्यामुळे सगळे ओरडूनच बोलत होते.

यूअन : सरळ रोव. तुझ्या भाषणासारखं तिरकं नको.

मर्डोक : भाषण ऐकलंस म्हणजे.

यूअन : सगळ्या पॉइंटने ऐकलं. कान बंद करता येत नाहीत.

मर्डोक : नीलला ऐकायला आलं नाही. तो समुद्रावर कालवं वेचत होता. या वयात.

यूअन : नील मर्द आहे. बोलला आणि भोगलं. तू त्याला काय शिकवणार, तोंड लपवायला?

मर्डोक : तुझ्यापाशी जमीन आहे, गुरं आहेत. तुला मोठ्याने बोलणं परवडतं.

यूअन : (कुऱ्हाडीचा घाव.)

मी : दादा, झाड पडतंय.

मर्डोक : सगळ्यांना परवडावं असं नाही वाटत तुला?

यूअन : मला वाटतं त्या सगळ्यांनी एकदम बोलावं. मग कॅन्टेलो किती जणांना काढेल? डबे काय स्वतः भरणार आहे?

मर्डोक : ते कधी बोलणार?

यूअन : तू त्यांना पेटी दिल्यावर तर कधीच नाही.

मला दोघांचंही पटत होतं. तसं कुणी मला विचारलं नाही.

*

मधली धार.

भरती-ओहोटीचं पाणी तिथे खालून बर्फ चाटतं. बर्फ काळा होता, नवा, आणि गप्प.

यूअनने हात वर करून आम्हाला थांबवलं. पोटावर आडवा झाला, कुऱ्हाड पुढे टेकवत सरपटत गेला. पलीकडे जुना पांढरा बर्फ अगदी जवळ दिसत होता. तो जवळजवळ पोचलाच होता. मग आवाजसुद्धा झाला नाही. तो नुसता छातीपर्यंत खाली गेला.

मी लगाम सोडला नाही. सोडला असता तर घोडी उधळली असती. दादाने गाडीवरचं सगळ्यांत लांब झाड ओढलं, बुंधा स्वतः धरला, शेंडा पुढे सारत पोटावर गेला. यूअनने फांद्यांत हात घातले. दादा मागे मागे सरकत आला, आणि माझा नवरा जाळ्यात अडकलेल्या माशासारखा बाहेर आला.

त्याचे दात वाजत होते.

"परत फिरू," मर्डोक म्हणाला. "बास झालं."

"परत? आता परत गेलो तर लोक म्हणतील, आमदाराने मेहुण्याला बुडवायला नेलं होतं." त्याने थुंकी टाकली, ती बर्फावर पडताच गोठली. "वरच्या अंगाला चल. दीपस्तंभाच्या रेषेत जुना बर्फ असतो. आधीच तिकडे जायला हवं होतं, मी आळस केला."

ओल्या विजारीत तो अर्धा तास टिकला नसता. मी गाठोडं सोडलं. दोघांनी एकदमच माझ्याकडे पाहिलं.

"एफी, ती विधानसभेची आहे," यूअन म्हणाला.

"घाल."

भर खाडीत, गाडीच्या आडोशाला, सरकारपक्षाच्या माणसाने विरोधी पक्षाची विजार घातली. ती त्याला पोटात घट्ट होती. दादा दुसरीकडे बघत होता, पण त्याचे खांदे हलत होते.

"हसू नकोस. शिलाई उसवेल."

"माझी शिलाई उसवत नाही," मी म्हणाले.

दीपस्तंभाच्या रेषेत बर्फ पांढरा होता आणि बडबडत होता. शेवटचं झाड आम्ही शार्लटाऊनच्या धक्क्याजवळ रोवलं. दादा एवढ्या घाईतही थांबला आणि ते सरळ आहे का हे त्याने डोळा बारीक करून पाहिलं.

*

सभागृह.

काळ्या कोटांच्या रांगेत मर्डोक एकटाच घरी विणलेल्या जाड करड्या लोकरीच्या विजारीत होता. वर वडिलांचा कोट. पायांत तेल पाजलेल्या चामड्याचे बूट, आणि त्यांतून गालिच्यावर वितळणारं पाणी. मी आणि यूअन वर गॅलरीत बसलो होतो. यूअन पोट आत ओढून.

मतांची मोजणी अशी असते : सदस्याने नुसतं उभं राहायचं. कारकून नाव पुकारतो, लिहितो, सदस्य बसतो. तोंड उघडायचं काम नाही. हे दादाला माहीत होतं. आधी दोनदा त्याने नीट केलं होतं.

बाजूने असणारे उभे राहू लागले. फुटणारा आमदार खरंच फुटला. खाली कुजबुज झाली. मग मर्डोक उभा राहिला. त्याचे ओठ अजून निळे होते. कारकुनाने त्याचं नाव पुकारायला तोंड उघडलं आणि दादा आमच्या शाळेतल्या टेबलासमोर उभा असल्यासारखा, भिंतीपर्यंत ऐकू जावं म्हणून म्हणाला :

"मर्डोक लॅमॉन्ट. हेक्टरचा मुलगा. ओढ्यालगतची स्वतःची जमीन, गिलिस पॉइंट. माझं मत गुप्त मतदानाला."

मग हसू फुटलं, दोन्ही बाजूंनी. सरकारच्या बाकावरचा एक जाडा सदस्य म्हणाला, "सन्माननीय सदस्यांचं गुप्त मत बंदरापर्यंत पोचलं." आणखी हसू.

दादाचे कान लाल झाले. पण तो बसला नाही. हसू थांबेपर्यंत उभा राहिला, हात कडेला, बुटांखाली पाण्याचं तळं. हसू विरलं. मग तिथे नुसतीच एक शांतता होती आणि तिच्यात तो उभा होता.

"सदस्यांनी बसावं," सभापती म्हणाले, आणि थोडं थांबून, "सभागृहाने ऐकलं आहे."

माझ्या शेजारी यूअनने टोपी काढली. गॅलरीत टोपी काढायचा नियम आधीपासूनच होता, त्याने पाळला नव्हता. पलीकडच्या माणसाकडे, कुणी शहरी, घड्याळाच्या साखळीवाला, तो वळला आणि म्हणाला, "तो आमचा आमदार."

"असं? तुम्ही मत दिलंत वाटतं त्याला."

"छे," यूअन म्हणाला. "विरुद्ध दिलं. त्याच्या तोंडावर."

साखळीवाला जरा सरकून बसला.

*

मतं बरोबरीत पडली. निर्णायक मत सभापतींचं. त्यांनी ते विरोधात दिलं, हलक्या आवाजात, कागदाकडे बघत. विधेयक पडलं. इतिवृत्तात बाजूने मत दिलेल्यांत "लॅमॉन्ट" एवढंच आहे. बाप, ओढा, जमीन, हसू, काही नाही.

*

दुसऱ्या दिवशी, परतताना.

आमची गाडी रिकामी होती. झुडपांची ओळ खाडीवर डोळा पुरेल तिथवर उभी होती, दीपस्तंभाकडे वळसा घेऊन पुन्हा पॉइंटकडे येणारी, आणि तिच्यातून लोकांच्या गाड्या जात-येत होत्या. टपाल, पेंढा, डॉक्टर. समोरून मिस्टर कॅन्टेलोंची गाडी आली, डब्यांच्या पत्र्याने भरलेली. बर्फावर रिकाम्याने भरलेल्याला वाट द्यायची असते. यूअनने बेसला बाजूला घेतलं, अगदी झुडपाला खेटून, आणि टोपीला हात लावला. कॅन्टेलोंनी लावला नाही. पण त्यांचं घोडं यूअनच्या झुडपांमधूनच गेलं. दुसरी वाट नव्हती.

"पुढच्या हिवाळ्यात त्यांचा पुतण्या लावणार झुडपं," यूअन म्हणाला. "बघ तू, डुकराच्या शेपटीसारखी वाकडी लावेल."

तसंच झालं.

पॉइंटच्या काठावर नील गिलिस उभा होता. केव्हापासून उभा होता कोण जाणे, दाढी पांढरीची आणखी पांढरी झाली होती. दादा गाडीतून उतरला.

"पडलं, नीलकाका."

"ऐकलं. टपालवाला सांगून गेला."

"मी शब्द दिला होता."

"मग? बोललास ना तू?"

"बोललो."

"मोठ्याने?"

उत्तर यूअनने दिलं. "मी इतकी वर्षं शाळेत मतदान ऐकतोय, काका. असं मत मी ऐकलेलं नाही. अख्खं सभागृह हसलं आणि हा बुवा उभाच. शेवटी हसणारेच दमले."

नीलने दोघांकडे पाहिलं, मग खाडीकडे, त्या हिरव्या ओळीकडे. "आपला माणूस," तो म्हणाला. आणि मग यूअनच्या विजारीकडे बघून, "ही कुणाची?"

"विधानसभेची," यूअन म्हणाला. "धुऊन परत करायचीय."

आम्ही चौघं वर घरी गेलो. हेरिंग आणि बटाटे होते. जेवताना चिठ्ठी आणि घसा यांच्यावरून पुन्हा भांडण जुंपलं, आणि या खेपेला नीलही त्यात होता, कुणाच्याच बाजूने नाही. दादाने पुढच्या सत्रात तेच विधेयक पुन्हा मांडायचं ठरवलं. यूअनने त्याला पुढच्या निवडणुकीत पाडायचं ठरवलं. मी दोघांना वाढलं, सारखंच.

यूअनला पोहता येत नव्हतं, हे मला लग्नाआधीपासून माहीत होतं. तरी त्या काळ्या बर्फावर दादासाठी वाट शोधत पुढे तोच गेला होता.